पायलटसाठी न थांबलेली बोट

१६ डिसेंबर १९०६ची रात्र. 'प्रिंत्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ' ही पांढरीशुभ्र जर्मन बोट जमैकाच्या किंग्स्टन बंदराजवळ पोचली होती. न्यूयॉर्क सोडून चार दिवस झाले होते. बोटीवर ७४ प्रवासी होते आणि सगळे पहिल्या वर्गाचे, कारण या बोटीला दुसरा वर्गच नव्हता.

किंग्स्टनच्या बंदरात शिरणं तसं कटकटीचं आहे. शहरासमोर पॅलिसेडोज नावाची वाळूची एक चिंचोळी, लांबलचक पट्टी समुद्रात आडवी पसरली आहे. तिच्या पश्चिम टोकाला पोर्ट रॉयल. या टोकाला वळसा घातला की मग आतल्या शांत पाण्यात जाता येतं. बाहेर प्रवाळाचे खडक आणि उथळ जागा विखुरलेल्या आहेत. म्हणून बाहेरच थांबायचं, किनाऱ्यावरून एका लहान होडीतून पायलट येतो, तो दोराच्या शिडीनं वर चढतो आणि बोट आत नेतो, अशी पद्धत. पायलट म्हणजे बंदराचा वाटाड्या. बोट कितीही मोठी असो आणि कप्तान कितीही अनुभवी असो, शेवटचे दोन-चार मैल बोट या स्थानिक माणसाच्या सांगण्यावरून चालते.

कप्तान ब्रुन्सविग पायलटसाठी थांबला नाही. पट्टीवरच्या प्लम्ब पॉइंटच्या दीपस्तंभाचा उजेड बघून त्यानं स्वतःच बोट आत घ्यायचं ठरवलं. पण तो दिवा नेमका कुठला आहे हे ओळखण्यात त्याची चूक झाली. बोट पोर्ट रॉयलच्या अलीकडेच खडकांवर चढली. प्रवाशांना धोका नाही हे पाहून ब्रुन्सविग आपल्या केबिनमध्ये गेला आणि त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. प्रवासी रात्रभर बोटीवरच राहिले आणि सकाळी सुखरूप उतरले. लाटांनी बोटीचा खुळखुळा केला. ती परत निघालीच नाही.

आज कॅरिबियनमध्ये दरवर्षी लाखो लोक क्रूझवर जातात. यूट्यूबवर केबिनच्या फेरफटक्याचे, बुफेचे, सूर्यास्ताचे इतके व्हिडिओ आहेत की बसल्या जागी अख्खा प्रवास होतो. त्यातला सगळ्यात महागडा प्रकार म्हणजे लहान बोटीवरची आलिशान क्रूझ. शंभर-सव्वाशे प्रवासी, जवळपास तेवढेच कर्मचारी, 'स्वतःची यॉट असल्यासारखं वाटेल' असं आश्वासन. हा प्रकार अगदी अलीकडचा वाटतो. प्रत्यक्षात त्याची पहिली बोट १९०६मध्ये जमैकाच्या खडकावर फुटली. या धंद्याचा पुढचा इतिहास वाचताना मला पुन्हा पुन्हा तो न बोलावलेला पायलट आठवत राहिला. कारण बोटीला बेटाची आणि बेटावरच्या माणसाची गरज किती, हाच प्रश्न या इतिहासात सारखा वर येतो.

*

या बोटीच्या मागे डोकं होतं ते हॅम्बर्ग-अमेरिका लाइनच्या आल्बर्ट बालिनचं. कंपनीचा मुख्य धंदा म्हणजे युरोपातून अमेरिकेत माणसं पोचवणं. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला असतो, श्रीमंत प्रवासी घटतात आणि महागड्या बोटी रिकाम्या पडतात. रिकाम्या यंत्राचा खर्च म्हणजे काय, हे सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सर्व्हरवर कुणी नसलं तरी महिन्याचं बिल यायचं ते येतंच. बालिननं यावर उपाय काढला. जानेवारी १८९१मध्ये त्यानं 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही बोट २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्रात पाठवली, जवळपास दोन महिन्यांसाठी. कुठे पोचायचं नव्हतं. जिथून निघाली तिथेच परत यायचं होतं. लोकांनी त्याला वेड्यात काढलं असेल, पण सफर यशस्वी झाली आणि मग दर हिवाळ्यात अशा सफरी निघू लागल्या.

पण अटलांटिक ओलांडायला बांधलेली बोट उन्हाच्या प्रदेशात अडचणीची ठरते. तिच्यात बंद जागा जास्त, मोकळे डेक कमी आणि खालच्या थरात शेकडो स्थलांतरितांसाठी कोंदट जागा, जिचा सहलीला काही उपयोग नाही. म्हणून बालिननं केवळ सहलीसाठी म्हणून एक नवी बोट हॅम्बर्गच्या ब्लोम उंड फोस गोदीत बांधून घेतली. तीच ही प्रिंत्सेसिन, कैसरच्या मुलीचं नाव दिलेली. १९०० साली ती पाण्यात उतरली. सुमारे ४,४०० टन, १२० केबिन, सगळ्या पहिल्या वर्गाच्या. वाचनालय, व्यायामशाळा आणि हौशी फोटोग्राफरांसाठी डार्करूमसुद्धा. बांधणी एखाद्या राजाच्या यॉटसारखी. कैसरच्या स्वतःच्या यॉटपेक्षा ही लांब निघाली म्हणून तो चिडला, अशी एक गोष्ट सांगतात.

मला त्यातली डार्करूम सगळ्यात बोलकी वाटते. प्रवासी किनाऱ्यावर उतरणार, नारळीची झाडं, बाजारातल्या बायका, घाटावरची पोरं यांचे फोटो काढणार आणि रात्री जेवणानंतर बोटीवरच ते धुऊन बघणार. बेटावर काही तास आणि मग बेटाच्या चित्रांसोबत उरलेला आठवडा. आज हेच काम फोन करतो. फरक इतकाच की अंधाऱ्या खोलीत जावं लागत नाही.

१९०१च्या जानेवारीत प्रिंत्सेसिन न्यूयॉर्कहून वेस्ट इंडीजच्या पहिल्या सफरीला निघाली. केवळ सहलीसाठी बांधलेली ही जगातली पहिली मोठी बोट मानतात. म्हणजे तिच्या आधीच्या बहुतेक प्रवासी बोटींना कुठेतरी जायचं होतं, काहीतरी पोचवायचं होतं. हिला नव्हतं. टपाल नाही, माल नाही, स्थलांतरित नाहीत. बंदराशी तिचं नातं फक्त बघण्याचं होतं.

*

हे नातं किती नवं होतं ते कळायला त्याच पाण्यात फिरणाऱ्या दुसऱ्या बोटी बघायला हव्यात.

१८७० साली लॉरेन्झो डाऊ बेकर नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या कप्तानानं जमैकाहून केळ्यांचे घड आपल्या शिडाच्या जहाजात भरले आणि जर्सी सिटीला नेऊन नफ्यात विकले. केळं तेव्हा अमेरिकेत अप्रुपाची चीज होती. १८८५मध्ये या धंद्यातून बोस्टन फ्रूट कंपनी उभी राहिली आणि १८९९मध्ये तिच्यासह इतर कंपन्या एकत्र येऊन युनायटेड फ्रूट. या युनायटेड फ्रूटनं पुढे मध्य अमेरिकेत काय काय केलं ती कहाणी वेगळी आणि काळी आहे. इथे आपल्याला तिच्या बोटींशी काम आहे.

केळं नाजूक. उन्हानं बोट तापली की माल आतल्या आत पिकतो आणि मग कुजतो. म्हणून बोटींना पांढरा रंग. त्यावरून या ताफ्याचं नावच पडलं 'ग्रेट व्हाइट फ्लीट', म्हणजे पांढरा आरमारी थाट. उत्तरेकडे जाताना तळघर केळ्यांनी भरलेलं, दक्षिणेकडे येताना बरंचसं रिकामं. पुन्हा तोच रिकाम्या जागेचा हिशेब. वरच्या मजल्यावर काही डझन प्रवाशांसाठी केबिन काढल्या आणि थंडीला कंटाळलेल्या अमेरिकनांना उष्ण कटिबंध दाखवायला सुरुवात झाली. जमैकात पोर्ट अँटोनियोला बेकरच्या कंपनीनं टिचफिल्ड हॉटेलही चालवलं, म्हणजे केळी भरून होईपर्यंत पाहुण्यांची सोय. या बोटींवर एक म्हण होती की खरे पाहुणे म्हणजे केळी, प्रवासी ही नुसती ब्याद.

म्हणीत गंमत आहे, पण तिच्यात एक खरी गोष्टही आहे. केळ्यांच्या बोटीला बेट हवं होतं. तिथल्या जमिनीवर, मजुरांवर, धक्क्यावर तिचं पोट होतं. हे नातं गोड अजिबात नव्हतं. ज्या मळ्यांतून ही केळी यायची तिथे ऊस आणि केळी या दोन्ही कामांवर भारतातून करारानं आणलेले मजूर होते. १० मे १८४५ला पहिली बोट जमैकाच्या ओल्ड हार्बर बे या खाडीत लागली आणि १९१७पर्यंत ३६ हजारांहून जास्त भारतीय तिथे उतरले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले, कलकत्त्याहून चढलेले.

इथे एका शब्दापाशी थोडं थांबायला हवं. बंगालीत 'आडकाठी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. (आपल्या आडकाठीशी गल्लत करू नये.) एक अर्थ बंदराचा पायलट, जहाजाला वाट दाखवणारा. दुसरा, गावोगाव फिरून मजूर गोळा करणारा दलाल. भोजपुरी गिरमिटियांच्या आठवणींत तो 'अरकाटी' म्हणून येतो आणि त्याच्या नावानं बोटं मोडली जातात. तेही वाट दाखवणंच, फक्त कुठे पोचणार हे न सांगता. एकाच शब्दात विश्वासाचा वाटाड्या आणि फसवणारा वाटाड्या दोघे राहतात. समुद्रावर अनोळखी किनाऱ्याजवळ पोचलेल्या माणसाला दुसऱ्यावर किती भिस्त ठेवावी लागते, हे या शब्दाइतकं कुठे सापडत नाही. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला या परावलंबनाची जाणीवच होऊ नये, ही आलिशान बोटीची खरी कारागिरी.

*

त्या काळातल्या सगळ्याच प्रवाशांना बेट लांबूनच बघायचं होतं असं मात्र नाही. लॅफकॅडिओ हर्न हा पत्रकार १८८७च्या जुलैत न्यूयॉर्कहून 'बाराकूटा' या लहानशा आगबोटीनं निघाला. हा माणूस जन्मानं अर्धा ग्रीक, अर्धा आयरिश आणि पुढे जपानमध्ये कोइझुमी याकुमो या नावानं स्थायिक झालेला. एका मासिकासाठी उन्हाळी सफरीचं वर्णन लिहायचं, एवढंच त्याचं काम होतं. मार्टिनिक, बार्बाडोस, ब्रिटिश गयाना, त्रिनिदाद अशी बेटं आणि बंदरं करत बोट फिरली. त्रिनिदादमध्ये त्यानं भारतीय मजुरांची वस्ती बघितली, तिथल्या चांदीच्या दागिन्यांबद्दल लिहिलं. सप्टेंबरात न्यूयॉर्कला परतला आणि जेमतेम काही आठवड्यांत पुन्हा मार्टिनिकला गेला. या वेळी तो जवळपास दोन वर्षं राहिला, बराच काळ साँ-पिएर या गावात. तिथली क्रिओल भाषा, डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढणाऱ्या बायका, रस्त्यावरच्या हाळ्या, देवीची साथ, सगळं त्यानं टिपलं.

८ मे १९०२ला मों पेले हा ज्वालामुखी फुटला आणि काही मिनिटांत साँ-पिएर संपलं. सुमारे २८ हजार माणसं गेली. हर्नचं पुस्तक तेव्हा आपोआप त्या गावाच्या स्मृतीचा भाग झालं. बोटीवरून चार तास उतरलेल्यांचे फोटोही उरले असतील. पण बाईच्या डोक्यावर किती वजन असायचं आणि ती ते कोणाच्या मदतीनं उतरवायची, हे फक्त राहिलेल्या माणसाकडून कळतं.

*

आता परत किंग्स्टनला. प्रिंत्सेसिन फुटून महिनाही झाला नव्हता. १४ जानेवारी १९०७च्या दुपारी किंग्स्टनला भूकंपाचा धक्का बसला आणि पाठोपाठ आगी लागल्या. शहराचा मोठा भाग जळाला, शेकडो माणसं मेली. अमेरिकेच्या नौदलानं मदतीला बोटी पाठवल्या आणि ॲडमिरल डेव्हिसनं गव्हर्नरची रीतसर परवानगी न घेता शस्त्रधारी खलाशी किनाऱ्यावर उतरवले. गव्हर्नर स्वेटनहॅमनं त्याला एक खोचक पत्र लिहून ते परत घ्यायला लावले. लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये त्यावरून बराच गदारोळ झाला आणि शेवटी गव्हर्नरलाच पायउतार व्हावं लागलं. ज्याचं घर जळतंय त्याला विचारायचं की नाही, या प्रश्नाचं उत्तर तेव्हा असं मिळालं.

ही घटना मी मुद्दाम सांगतोय, कारण तिची दुसरी आवृत्ती १०३ वर्षांनी आली. पण तिथे पोचायला मधला रस्ता बघावा लागेल.

१९५८च्या ऑक्टोबरात अटलांटिकवरून जेट विमानांची नियमित सेवा सुरू झाली आणि प्रवासी बोटींचा मूळ धंदा काही वर्षांत बसला. समुद्र ओलांडायला आता पाच-सहा दिवस कोण घालवणार? पुन्हा एकदा रिकाम्या बोटी. त्यातल्या एका बोटीनं आजचा कॅरिबियन क्रूझ उद्योग सुरू झाला. 'सनवर्ड' ही नॉर्वेजियन बोट साउथॅम्प्टन ते जिब्राल्टर अशा फेऱ्यांसाठी बांधली होती. स्पेननं जिब्राल्टरवर निर्बंध घातले आणि ती फेरी तोट्यात गेली. मालक क्नूट क्लोस्टर आणि मायामीतला टेड ॲरिसन यांनी हातमिळवणी केली आणि १९ डिसेंबर १९६६ला सनवर्ड मायामीहून बहामाकडे निघाली. दोघांचं पुढे बिनसलं. ॲरिसननं १९७२मध्ये कार्निव्हल काढली. तिची पहिली बोट 'मार्डी ग्रा' पहिल्याच सफरीत मायामीच्या बाहेर वाळूत रुतली. ही नामुष्की कंपनीच्या आड मात्र आली नाही. आज ती जगातली सगळ्यात मोठी क्रूझ कंपनी आहे.

इथे अमेरिकेतला एक जुना कायदा कामाला आला. १८८६चा. अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये प्रवासी न्यायचे तर बोट अमेरिकन बांधणीची आणि अमेरिकन मालकीची हवी. क्रूझच्या बोटी बहुतेक परदेशी बांधणीच्या आणि पनामा किंवा बहामाचा झेंडा लावलेल्या. त्यांनी मायामीहून निघून मायामीलाच परत यायचं असेल तर वाटेत एकदा तरी परदेशी बंदराला पाय लावायला हवा. म्हणजे बेटाची गरज उरली, पण ती कायद्यापुरती. देवाला नैवेद्य दाखवावा तसं बंदर दाखवायचं.

मग पुढची पायरी आपसूक आली. पाय लावायला परदेशी जमीनच हवी असेल तर ती स्वतःचीच का नको? १९७७मध्ये नॉर्वेजियन कंपनीनं बहामातलं ग्रेट स्टिरप की हे छोटं बेट ताब्यात घेतलं. १९८६पासून रॉयल कॅरिबियननं हैतीच्या उत्तर किनाऱ्यावर लाबादी हा भाग भाड्यानं घेतला. भोवती कुंपण. आत वाळू, घसरगुंड्या, बार्बेक्यू. बाहेर हैती. इथे पर्यटक उतरतो, पोहतो, खातो आणि परत चढतो, पण तो ज्या देशात उभा आहे त्या देशाशी त्याचा संबंध कुंपणापुरता.

१२ जानेवारी २०१०ला हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स भूकंपानं जमीनदोस्त झाली. लाखांवर माणसं गेली. तीन दिवसांनी लाबादीच्या धक्क्याला क्रूझ बोट लागली आणि प्रवासी किनाऱ्यावर उतरले. जगभर टीका झाली. कंपनीचं म्हणणं होतं की बोटी मदतीचं सामान घेऊन येताहेत, या किनाऱ्यावर शेकडो हैतियन लोकांची रोजी अवलंबून आहे आणि हैतीच्या सरकारलाही बोटी यायला हव्या आहेत. यातलं काही खोटं नव्हतं. काही प्रवाशांना घास गिळवला नाही आणि ते बोटीवरच बसून राहिले, हेही खरं. १९०७मध्ये न विचारता उतरले, २०१०मध्ये विचारून. पण विचारलं कुणाला आणि 'नको' म्हणायची ताकद कुणाकडे होती, हे पाहिलं की दोन्ही प्रसंग मला फार लांबचे वाटत नाहीत.

*

मोठ्या बोटी मग वाढतच गेल्या. २०२४मध्ये सुरू झालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर ७,६०० प्रवासी मावतात. एवढी माणसं दिवसभरासाठी एखाद्या लहान बेटावर उतरली की बेटाचं काय होतं, हे सुट्टीच्या दिवशी माथेरान पाहिलेल्याला कल्पनेनं कळेल. याच गर्दीचा कंटाळा आलेल्या आणि खिसा भरलेल्या प्रवाशासाठी लहान बोट परत आली.

१९८४मध्ये हेलसिंकीला 'सी गॉडेस १' बांधली गेली. ५८ केबिन, जेमतेम ११६ प्रवासी, सुमारे ४,२५० टन. टन मोजायची पद्धत मधल्या काळात बदलली असली तरी आकडा बघा. ८४ वर्षांनी फिरून बोट जवळपास प्रिंत्सेसिनच्याच मापाची झाली. जेवायला ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, दारूचं बिल वेगळं नाही. उथळ पाण्यामुळे मोठ्या बोटी जिथे फिरकत नाहीत अशा छोट्या खाड्यांमध्ये नांगर टाकायचा. आणि या प्रकारच्या बोटींवरचा एक विधीच झाला. प्रवासी लाटांत डुंबत असतात आणि गणवेशातले वेटर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सर्फबोर्डवर मांडलेली शॅम्पेन आणि कॅव्हिआर वाढतात. प्रवासवर्णनांतला हा सगळ्यांचा आवडता प्रसंग. फोटो प्रवाशाच्या बाजूनं काढलेला असतो. पँटचा ओला कपडा संध्याकाळपर्यंत कसा चिकटतो, याचं वर्णन माझ्या वाचनात नाही.

त्या पाण्यात उभ्या असलेल्यांत आपल्याकडची माणसं बरीच असतात. गोव्यात सासष्टीकडे 'बोटीवर असतात' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. आठ-नऊ महिने करार, दोन महिने घर, मग परत. माझ्या कॉलेजच्या होस्टेलमधल्या एका मित्राचे वडील असेच बोटीवर होते, आधी मोठ्या आणि मग लहान. त्यांना मी एकदा विचारलं होतं, कॅरिबियनमधलं कुठलं बेट सगळ्यात सुंदर? ते म्हणाले, बार्बाडोस, धक्क्याच्या जवळच फोन होता. त्यांना बेटं अशीच पाठ होती. कुठे फोनकार्ड स्वस्त, कुठे चर्च जवळ, कुठे पैसे पाठवायचं दुकान दुपारी बंद असतं. लहान बोटीबद्दल त्यांचं मत विचारलं तर म्हणाले, पगार बरा, टीप बरी, पण लपायला जागा नाही. मोठ्या बोटीवर पाहुण्याला तुमचं नाव माहीत नसतं. लहान बोटीवर असतं, आणि मग तुमचा चेहरा दिवसभर हसरा लागतो.

'स्वतःची यॉट असल्यासारखं' या शब्दांचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला. यॉट असल्यासारखं एका माणसाला वाटायचं, तर दुसऱ्या माणसाला दिवसभर ते वाटू द्यावं लागतं.

*

२०२०च्या मार्चमध्ये हे सगळं थांबलं. कोविडचे रुग्ण असलेल्या बोटींना बंदरं दारं बंद करू लागली. 'ब्रेमार' ही ब्रिटिश क्रूझ बोट कॅरिबियनमध्ये आसरा शोधत फिरत होती. शेवटी क्यूबानं तिला मारिएलला येऊ दिलं आणि १८ मार्चला शेकडो प्रवासी तिथून विमानानं घरी गेले. बार्बाडोसनं कितीतरी रिकाम्या बोटींना आपल्या किनाऱ्याजवळ नांगर टाकू दिला. प्रवासी घरी गेल्यावरही हजारो कर्मचारी महिनोन्महिने बोटींवर अडकले होते आणि त्यांत आपल्या गोव्याची, कोकणाची, मुंबईची माणसं होती. शंभर वर्षं बोटींनी बेटांना आपली किंमत ऐकवली होती. आता बोटी बाहेर थांबल्या होत्या आणि आत घ्यायचं की नाही हे बेटं ठरवत होती.

त्या नोव्हेंबरात कॅरिबियनमध्ये परत क्रूझ सुरू करण्याचं धाडस एका लहान, आलिशान बोटीनं केलं. 'सीड्रीम १' बार्बाडोसहून ७ नोव्हेंबरला निघाली. ५३ प्रवासी, ६६ कर्मचारी. सगळ्यांच्या चाचण्या पुन्हा पुन्हा झालेल्या. लहान बोट म्हणजे आपलं वेगळं, स्वच्छ, सुरक्षित जग, ही कल्पना इतकी पक्की होती की सुरुवातीला मास्कही सक्तीचे नव्हते. चार-पाच दिवसांत ग्रेनेडीन्स बेटांच्या परिसरात पहिला रुग्ण सापडला. मग आणखी. बोट फिरवून ब्रिजटाऊनला आणावी लागली आणि बार्बाडोसच्या आरोग्य खात्यानं पुढचं निस्तरलं. सीड्रीम १ म्हणजे कोण? तीच १९८४ची सी गॉडेस, नवं नाव घेतलेली.

लहान बोट वाईट असा याचा अर्थ नाही. मला तर उलटंच वाटतं. लहान बोटीला बेटाची गरज जास्त. तिच्यात थिएटर नाही, घसरगुंड्या नाहीत, बाजारपेठ नाही. दाखवायला तिच्याकडे बेटच आहे. छोट्या खाडीत जायचं तर तिथल्या खडकांची माहिती असलेला माणूस लागतो, भाजी-मासळीला तिथला बाजार लागतो, आजारी पडलं तर तिथलं इस्पितळ. ही गरज ती प्रवाशापासून लपवते, एवढंच. लपवण्याचेच तर ती पैसे घेते. ज्या प्रवाशाला हर्नसारखं दोन वर्षं राहता येणार नाही (आणि कुणाला येतं?) त्याला निदान ही गरज दिसली, तरी त्याचा प्रवास वेगळा होईल. वाटेत भेटलेल्या गाइडला तो बेटाविषयी विचारेल, आणि पाण्यात उभ्या माणसाला कदाचित म्हणेल की ग्लास मी वर येऊन घेतो.

गूगलच्या नकाशावर पॅलिसेडोज उघडा. त्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर आता किंग्स्टनचा विमानतळ आहे. ज्या विमानांनी बोटींचा जुना धंदा मोडला ती आज तिथे उतरतात, आणि धावपट्टीपासून जवळच प्लम्ब पॉइंटचा पांढरा दीपस्तंभ आहे, ब्रुन्सविगनं चुकीचा वाचलेला. पट्टीच्या टोकाशी, पोर्ट रॉयलच्या बाहेर, बंदरात शिरणाऱ्या मोठ्या बोटी आजही वेग कमी करतात. एक लहान होडी बाजूला येते, वरून दोराची शिडी सोडली जाते आणि जमैकाचा एक माणूस हलत्या बोटीवर चढतो. जीपीएस, रडार, सोनार सगळं असूनही. बहुतेक वेळा हे पहाटे घडतं आणि प्रवासी झोपलेले असतात.